सोमल आणि सूक्ष्मजंतू

सोमल हे नाव मराठी घरांत पूर्वीपासून दबक्या आवाजात घेतले जाई. वैद्याच्या बटव्यात ते औषध म्हणून असे आणि कथा-कादंबऱ्यांत वारसाहक्काच्या भांडणांत दुधाच्या पेल्यातून येई. हरताळ आणि मनशीळ ही त्याची सख्खी भावंडे. पोथीत चुकलेले अक्षर झाकण्यासाठी लेखनिक त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. या तिघांच्याही पोटी जे मूलद्रव्य आहे त्याला रसायनशास्त्रात आर्सेनिक म्हणतात. काटेकोरपणे पाहू गेल्यास ते पूर्ण धातू नव्हे. धातू आणि अधातू यांच्या सीमेवर त्याचे स्थान आहे. तथापि पाण्यातील विषारी धातूंची गणती होते तेव्हा शिसे, पारा आणि कॅडमियम यांच्या पंक्तीतच त्याला बसवले जाते. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकाला रंग नाही, वास नाही आणि जिभेला कळेल अशी चवही नाही. म्हणून ते ओळखावे कसे, हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा इतिहास मोठ्या वळणावळणाचा आहे.

विषप्रयोगाच्या खटल्यांत न्यायालयापुढे हीच अडचण उभी राही. १८३६ साली जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने तिच्यावर तोड काढली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल मिसळले की आर्सेनिकचा वायू बनतो. तो पेटवून त्या ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरली की बशीवर काळसर, चकाकणारा डाग उमटतो. चारच वर्षांनी, १८४० साली, फ्रान्समध्ये मारी लाफार्ज हिच्यावर पतीच्या हत्येचा खटला चालला, तेव्हा विषशास्त्रज्ञ ऑर्फिला याने याच परीक्षेच्या आधारे साक्ष दिली आणि साऱ्या युरोपात मार्शचे नाव झाले. या परीक्षेत निर्जीव पदार्थच निर्जीव पदार्थाविषयी बोलत होता. सजीवाला साक्षीला बोलावण्याची कल्पना पुढे पन्नास-पंचावन्न वर्षांनी रुजली, आणि ती आली भिंतीवरच्या कागदातून.

१७७५ साली स्वीडनमधील कार्ल शेले याने तांबे आणि आर्सेनिक यांच्या संयोगातून एक सुंदर हिरवा रंग बनवला होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातील दिवाणखान्यांच्या भिंतींवर जे वेलबुट्टीचे कागद चिकटवीत त्यांत हा रंग आणि त्याच्या जातीचे दुसरे हिरवे रंग सढळ हाताने वापरले जात. ओल आलेल्या खोल्यांत अशा कागदांना एक विचित्र दर्प सुटतो, ही गोष्ट जर्मन रसायनज्ञ लिओपोल्ड ग्मेलिन याने १८३९ सालीच निदर्शनास आणली होती. तिचा उलगडा रोममधील बार्तोलोमेओ गोसिओ या वैद्याने १८९० नंतरच्या एक-दोन वर्षांत केला. त्याने उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यात आर्सेनिक मिसळून तो तळघरात उघडा ठेवला. लगद्यावर बुरशी चढली आणि तिच्यापासून लसणासारखा वास येऊ लागला. त्या बुरश्यांपैकी एक जात इतकी तत्पर निघाली की आर्सेनिकचा अत्यल्प अंश असला तरी ती तो वायुरूपाने बाहेर टाकी. गोसिओने मग प्रश्नच उलटा केला. बुरशी आर्सेनिकापासून वास निर्माण करते, तर वासावरून आर्सेनिक ओळखता येईल! संशयित पदार्थावर ती बुरशी पेरावी, एक-दोन दिवस थांबावे, आणि वास घ्यावा. मार्शच्या बशीइतकीच ही परीक्षा सूक्ष्म होती आणि तिला लागणारे उपकरण म्हणजे माणसाचे नाक. तो वायू रासायनिकदृष्ट्या कोणता हे लीड्स येथील फ्रेडरिक चॅलेंजर याने १९३०च्या दशकाच्या आरंभी ठरवले. हिरव्या कागदांच्या खोल्यांतील मृत्यू या वायूमुळेच होत, ही गोसिओची समजूत मात्र आजचे विषशास्त्रज्ञ मान्य करीत नाहीत. वास तीव्र असला तरी तो वायू मानला गेला होता तितका घातक नाही.

याच सुमारास, १८९३ साली, कार्ल नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाचा एक निबंध त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. साचलेल्या पाण्यावर हिरव्या रेशमाच्या लडीसारखे जे शेवाळ तरंगते त्याला स्पायरोगायरा म्हणतात. नेगेलीला आढळले की ज्या पाण्यात तांब्याची नाणी काही काळ ठेवली होती, त्यात नाणी काढून घेतल्यावरही हे शेवाळ मरते. पाण्यात उतरलेले तांबे इतके थोडे होते की त्या काळच्या तराजूला ते सापडणे कठीण. शेवाळाला मात्र ते कळले. आपल्याकडे पाणी पिण्याच्या भांड्याला धातूचेच नाव मिळाले, त्याला ‘तांब्या’ म्हणतात. त्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतू मरतात हे अलीकडच्या प्रयोगशाळांनीही दाखवले आहे. नेगेलीने पाहिला तो हाच परिणाम, शेवाळाच्या बाजूने.

या दोन शोधांत एक भेद आहे आणि पुढील शंभर वर्षांचा इतिहास त्या भेदावरच उभा आहे. नेगेलीचे शेवाळ विषाला बळी पडते. ते मेले एवढे दिसते. कशाने मेले हे ते सांगू शकत नाही. गोसिओची बुरशी विष पचवून जगते आणि तसे करताना त्या विषाची खूण मागे ठेवते. एकाची साक्ष पीडिताची आहे, दुसऱ्याची माहीतगाराची.

परंतु या माहीतगाराकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत ते जग नव्हते. सूक्ष्मजंतू म्हणजे रोग, हे समीकरण त्याच वर्षांत दृढ होत होते. १८८३ च्या डिसेंबरात रॉबर्ट कॉख हा जर्मन जंतुशास्त्रज्ञ पटकीच्या शोधात इजिप्तहून कलकत्त्यास आला. पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्याने तेथील रोग्यांच्या आतड्यात पाहिला आणि १८८४ च्या आरंभी एका तळ्याच्या पाण्यातही तो त्याला सापडला. त्या तळ्याच्या काठी राहणारे लोक तेच पाणी पीत, त्यातच न्हात आणि त्यातच कपडे धूत. पुढच्याच वर्षी टेओडोर एशेरिख याने तान्ह्या मुलांच्या विष्ठेत एक साधा, दांडीच्या आकाराचा जंतू ओळखला. एशेरिखिया कोलाय, संक्षेपाने ई. कोलाय, हे त्याचे आजचे नाव. त्याच्या बहुतेक जाती आतड्यात निरुपद्रवीपणे राहतात. पण तो पाण्यात दिसला की त्या पाण्याला मैल्याचा स्पर्श झाला आहे असे समजावे, हा नियम शतक संपण्यापूर्वीच रूढ झाला. पाण्याच्या परीक्षेत सूक्ष्मजंतूला मिळालेली ही पहिली कायम स्वरूपाची नोकरी. नोकरी मोठी चमत्कारिक होती, कारण साक्षीदार आणि आरोपी एकाच पिंजऱ्यात उभे होते.

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात या ज्ञानाचा परिणाम फार खोल झाला. ज्या श्रोत्यांनी तो मुलूख पाहिला असेल त्यांना तेथील घरापुढची तळी आठवतील. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांचेच पाणी पीत आणि पटकी व हगवण यांनी मुले दगावत. १९७०च्या दशकात बांगलादेशाच्या सरकारी खात्याने युनिसेफच्या साहाय्याने कूपनलिकांची मोहीम हाती घेतली. जमिनीत लोखंडी नळी उतरवायची, वर हातपंप बसवायचा. वाळूच्या थरांतून गाळून आलेले पाणी जंतूंपासून मुक्त असते. पश्चिम बंगालमध्येही असेच झाले. सरकारच्या मागोमाग लोकांनी स्वखर्चाने नळ्या उतरवल्या. ८० टक्के लोकांना शुद्ध पाणी पुरवण्याचे उद्दिष्ट ओलांडले गेले, असे युनिसेफने १९९७ साली नमूद केले. पाणी शुद्ध म्हणजे जंतुविरहित, असाच त्या शब्दाचा अर्थ तेव्हा होता. नळ्या उतरवताना आर्सेनिकसाठी पाणी तपासण्याचा प्रघात नव्हता.

कॉखच्या आगमनाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या १९८३ साली, त्याच कलकत्त्यातील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये, त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्यापुढे चोवीस परगणा आणि आसपासच्या भागांतून काही खेडूत रोगी आले. त्यांच्या छातीपाठीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडला होता, जणू धुळीच्या जमिनीवर पावसाचे पहिले थेंब. तळहात आणि तळपाय खरखरीत, गाठींनी भरलेले. गावात या खुणांना कुष्ठरोग समजत. अशा घरच्या मुलींची लग्ने अडत, नांदत्या सुना माहेरी धाडल्या जात. साहांनी ओळखले की हा सोमलाचा दीर्घकाळ भिनलेला परिणाम आहे, आणि त्याचा उगम रोगी पीत असलेल्या कूपनलिकेच्या पाण्यात आहे. काहींना पुढे कर्करोग झाला. १९७६ सालीच चंदीगढच्या वैद्यांनी उत्तर भारतातील खेड्यांच्या पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे प्रसिद्ध केले होते. त्या सूचनेचा धागा मध्येच तुटला होता. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठातील रसायनज्ञ दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगाव हिंडून पाण्याचे नमुने गोळा करण्याचा सपाटा लावला. १९९३ साली बांगलादेशातही हे विष सापडले. १९९५ साली कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आणि २००० साली ॲलन स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत लिहिले की बांगलादेशच्या साडेबारा कोटी लोकांपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोक या संकटाच्या छायेत आहेत. २००२ साली बिहारमधील भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझा पट्टी हे गाव या नकाशावर आले. विदर्भाच्या शेजारी, तेव्हाच्या राजनांदगाव जिल्ह्यातील कौडीकसा येथे तर नदीच्या गाळाचा संबंध नसताना खडकातूनच आर्सेनिक पाण्यात उतरल्याचे १९९९ साली दिसून आले.

किती आर्सेनिक असले म्हणजे पाणी विषारी म्हणावे? जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ साली लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितली, १९६३ साली ती ५० वर आणली आणि १९९३ साली १० वर. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे हजार लिटरच्या टाकीत अवघे दहा मिलिग्रॅम, चिमटीत न सापडणारी पूड. बांगलादेशाने ५० ची मर्यादा कायम ठेवली आहे. अडचण केवळ सूक्ष्मतेची नव्हती. या प्रदेशात पन्नास पावलांवरच्या दोन नळ्यांचे पाणी अगदी भिन्न असू शकते. एक नळी घातक, दुसरी निर्दोष. तेव्हा गावाची सरासरी काढून भागत नाही, प्रत्येक नळीला स्वतंत्र प्रश्न विचारावा लागतो; आणि नळ्या तर लाखांनी मोजाव्यात इतक्या.

तो प्रश्न विचारला गेला तो मार्शच्याच पद्धतीने. जस्त, आम्ल आणि पाणी एका बाटलीत घ्यायचे, निघणारा वायू पाऱ्याच्या क्षाराने भिजवलेल्या कागदावर सोडायचा, कागद पिवळा पडतो की तपकिरी हे पाहायचे. २००० सालानंतरच्या तीन-चार वर्षांत बांगलादेशात अशा पेट्यांच्या साह्याने सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. निर्दोष नळीच्या तोंडाला हिरवा रंग, दूषित नळीच्या तोंडाला लाल. सुमारे १४ लाख नळ्या लाल झाल्या. एवढे प्रचंड काम इतक्या थोड्या काळात झाले याचे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु २००२ साली चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेट्यांचे निष्कर्ष प्रयोगशाळेतील यंत्रांच्या निष्कर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा कागदाचा रंग अनेकदा खोटे बोलतो असे आढळले. विशेषतः मर्यादेच्या आसपास पिवळ्याच्या दोन छटांतला भेद डोळ्याला होत नाही. शिवाय बाटलीत निर्माण होणारा तो वायू स्वतःच जहाल विष आहे आणि कागदावर पारा आहे. विष शोधण्यासाठी विष सोबत न्यायचे, असा तो मामला होता.

इकडे हे चालले असताना, या प्रश्नाशी काडीचा संबंध नसलेल्या दोन-तीन प्रयोगशाळांत त्याचे एक वेगळे उत्तर तयार होत होते.

१९६८ साली नोव्हिक आणि रॉथ हे दोन शास्त्रज्ञ पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंचा अभ्यास करीत होते. त्यांना आढळले की या जंतूंच्या शरीरात मुख्य जनुकसंचाहून निराळी जी छोटी वर्तुळाकार जनुकांची कडी असते, जिला प्लाझ्मिड म्हणतात, तिच्यावरच आर्सेनिक, पारा, कॅडमियम अशा विषांना तोंड देण्याची विद्याही लिहिलेली आहे. १९७३ साली हेजेस आणि बॉमबर्ग यांनी आर्सेनिकला दाद न देणारी अशीच कडी ई. कोलायमध्ये दाखवली. पुढे सायमन सिल्व्हर, बॅरी रोझेन इत्यादींनी तिचे मर्म उकलले. पेशीच्या आवरणात एक पंप असतो. आत शिरलेले आर्सेनिक तो बाहेर फेकतो. पण पंप सदैव चालू ठेवणे जंतूला परवडत नाही. म्हणून पंपाच्या जनुकावर एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे बसून राहते आणि ते जनुक वाचू देत नाही. आर्सेनिक आत आले की ते या पहारेकऱ्याला चिकटते, त्याची पकड सुटते, जनुक मोकळे होते आणि पंप तयार होऊ लागतो. आर्सेनिक माणसाहून फार प्राचीन आहे. त्याच्याशी जंतूंचा झगडाही तितकाच प्राचीन असला पाहिजे, एरवी इतकी नेमकी ओळख त्यांच्याजवळ असण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा धागा समुद्रातला. काही सागरी जंतू अंधारात निळसर प्रकाश देतात. १९७९ साली अमेरिकेत अशाच जंतूंवर आधारलेली पाण्याची एक परीक्षा पुढे आली. जंतूंत संशयित पाणी मिसळायचे आणि पाच, पंधरा किंवा तीस मिनिटांत प्रकाश किती मंदावतो हे मोजायचे. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी तिचा सर्वत्र उपयोग झाला. ही नेगेलीच्या शेवाळाची वंशज. विष भिनले की दिवा विझतो. बंगालच्या पाण्यापुढे मात्र ती निरुपयोगी होती. तेथील पाणी माणसाला दहा-वीस वर्षांनी मारते, पंधरा मिनिटांत ते जंतूचे काहीच बिघडवीत नाही. दिवा तेवतच राहिला असता आणि नळीला हिरवा रंग मिळाला असता.

१९८३ हे वर्ष इथे पुन्हा येते. साहा कलकत्त्यात रोगी तपासत होते त्या वर्षी एंगेब्रेख्ट, नील्सन आणि सिल्व्हरमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी सागरी जंतूचे प्रकाशाचे जनुक काढून ई. कोलायमध्ये घातले आणि आतड्यातला तो गरीब जंतू चमकू लागला. आता फक्त जोडणी उरली होती. आर्सेनिकचा पहारेकरी ज्या दारावर बसतो त्या दारामागे पंपाऐवजी दिवा ठेवायचा. १९९३ साली बेल्जियममध्ये फिलिप कोर्बिझिए आणि सहकाऱ्यांनी आर्सेनिक व कॅडमियम यांच्या जनुकांना असा दिवा जोडून दाखवला. पूर्वी विष आले की प्रकाश जाई. आता विष आले की प्रकाश येऊ लागला. शंभर वर्षांनी गोसिओची बुरशी पुन्हा बोलू लागली, आणि यावेळी नाकाऐवजी डोळ्याशी.

प्रारंभी या जंतूंत एक खोट होती. पहारेकरी अधूनमधून डुलकी घेई आणि आर्सेनिक नसतानाही थोडा उजेड फाके. स्वित्झर्लंडमध्ये यान रोलॉफ फान डेर मेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली पहारेकऱ्याला बसण्यासाठी वाटेत आणखी एक जागा करून दिली. गळती थांबली आणि १० मायक्रोग्रॅमच्या खालचे आर्सेनिकही मोजता येऊ लागले. त्यांनी वापरलेला ई. कोलाय प्रयोगशाळेत वाढलेला, रोग न करणारा होता. दिव्याऐवजी निळा रंग देणारे जनुक जोडून हे जंतू कागदाच्या पट्टीवर सुकवण्याचाही प्रयोग त्यांनी केला.

यंत्रशाळेत जमलेली गोष्ट चिखलात जमेलच असे नाही. व्हिएतनाममधील तांबडी नदी आणि मेकाँग यांच्या त्रिभुज प्रदेशांतही आर्सेनिकचे असेच संकट २००१ पासून उघड झाले होते. तेथील १९४ भूजल-नमुन्यांवर या जंतूंची परीक्षा झाली आणि २००५ साली तिचे निष्कर्ष छापून आले. त्या पाण्यात लोह विपुल होते. जमिनीतून वर येताच हवा लागून लोह गंजासारखे तळाशी बसते आणि जाताना आर्सेनिक ओढून नेते. जंतूच्या वाट्याला मग काहीच उरत नाही. यावर नमुना प्रथम आम्लात धरून ठेवायचा, आणि जंतू सोडण्यापूर्वी लोह विरघळलेलेच राहील अशा बेताने तो सौम्य करायचा, असा उपाय योजावा लागला. एवढे केल्यावर १० मायक्रोग्रॅमच्या कसोटीवर जंतूंनी शंभरांत आठ वेळा दूषित पाण्याला निर्दोष म्हटले, आणि निर्दोष पाण्याला दूषित म्हटले ते शंभरांत दोन-तीन वेळाच. रासायनिक पेट्यांच्या मानाने हा निकाल पुष्कळ चांगला होता. पण त्या आठांकडे काणाडोळा करून चालणार नाही; त्यांतल्या प्रत्येक आकड्यामागे एक नळी आहे आणि नळीमागे एक चूल.

२००६ साली एडिंबरा विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी पाण्याची आम्लता बदलून रंग पालटणारा जंतू अमेरिकेतील एका स्पर्धेत मांडला. २०१२ साली लायप्झिग येथील संशोधकांनी बांगलादेशातच केलेल्या परीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कॉफीची पूड करतात त्याच रीतीने जंतू गोठवून सुकवले होते आणि बंद कुपीत ठेवले होते. बुचातून सुईने पाणी आत सोडले की जंतू जागे होत आणि सुमारे दोन तासांनी हातात मावणारे प्रकाशमापक यंत्र आकडा सांगे. कुपी उघडावी लागत नसल्याने जंतू बाहेर पडण्याची धास्तीही कमी. ही धास्ती कायद्यालाही आहे. जनुके बदललेल्या जंतूंच्या वापरावर बहुतेक देशांत निर्बंध आहेत. भारतात त्यासंबंधीचे नियम १९८९ सालचे. पटकीच्या भीतीने ज्या खेड्यांनी तळी सोडली तेथे ई. कोलायची कुपी घेऊन जाणे, हे समजावून सांगायलाही कठीण काम आहे.

जंतूच्या साक्षीची मर्यादा आणखी एका प्रकारची आहे. तो आर्सेनिक ओळखतो, त्याची चुलत बहीण अँटिमनी हिलाही कधी आर्सेनिकच समजतो, आणि बाकी कशाबद्दलही बोलत नाही. माहीतगार साक्षीदार विचारल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. १९९२ साली ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशातील काही भागांचे भूजल तपासले होते. अनेक मूलद्रव्यांची चाचणी झाली. आर्सेनिकची झाली नाही. पुढे या चुकीबद्दल इंग्लंडमध्ये दावा लागला आणि २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की त्या पाण्याच्या ग्राहकांप्रती संस्थेचे कायदेशीर दायित्व नव्हते. कायद्याचा निर्णय काहीही असो, त्या वर्षी मार्शची परीक्षा दीडशे वर्षांची जुनी होती. साधन नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. यादीत एक नाव नव्हते.

आणि हे आर्सेनिक पाण्यात आले तरी कोठून? हिमालयातून वाहत आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचा गंज आहे आणि त्या गंजाला आर्सेनिक चिकटलेले आहे. १९९८ साली निकसन आणि सहकाऱ्यांनी असे मांडले की खोल, प्राणवायूविरहित थरांत हा गंज विरघळतो आणि आर्सेनिक सुटते. २००४ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधील गाळ बंद बाटल्यांत ठेवून हे काम कोणाचे ते दाखवले: प्राणवायूऐवजी लोहावर श्वास चालवणाऱ्या सूक्ष्मजंतूंचे. म्हणजे ज्या जंतूंना टाळण्यासाठी माणूस तळ्यापासून दूर गेला, त्यांचेच भाऊबंद जमिनीखाली वाळूत बसून त्याच्या पाण्यात सोमल मिसळत होते, आणि त्यांच्याच एका तिसऱ्या नातेवाइकाला कुपीत घालून त्याने साक्षीला बोलावले.

२००३ नंतर बांगलादेशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर नळ्या तपासण्याची मोहीम बराच काळ झाली नाही. तोंडावरचा लाल-हिरवा रंग पावसापाण्याने उडाला. दरम्यान नव्या नळ्या उतरतच राहिल्या, बहुतेक खाजगी. उथळ नळी उतरवण्याची तेथील रीत मोठी सोपी आहे. बांबूच्या घोड्यावर दोघे-तिघे नळी वरखाली करतात आणि एकजण वर बसून नळीचे तोंड तळहाताने झाकतो व उघडतो. तो तळहात हीच झडप. प्रत्येक झटक्याला राखाडी चिखल उसळतो आणि नळी इंचाइंचाने खाली जाते. मऊ गाळाच्या जमिनीत हे काम सकाळी सुरू झाले तर संध्याकाळपर्यंत हातपंपातून पाणी येते. ते स्वच्छ दिसते, थंड लागते, आणि त्याच संध्याकाळी घरात भरले जाते.